मेसेज ब्रोकर घेताय? आधी भरवसा, मग वेग!

वेबसाइटवर आलेली ऑर्डर बिलिंग, स्टॉक आणि कुरिअरच्या सिस्टीमकडे पोचवणारा मधला निरोप्या म्हणजे मेसेज ब्रोकर. रॅबिटएमक्यू हा त्यातला एक लोकप्रिय, फुकट मिळणारा.

डेव्हलपर सांगतो, "सर, सेकंदाला हजारो मेसेज जातात." माझं स्पष्ट मत, आपल्या धंद्याला या आकड्याचा काही उपयोग नाही. दिवाळीतही तुमच्याकडे सेकंदाला हजार ऑर्डर येणार नाहीत. पण एक ऑर्डर हरवली, तर गिऱ्हाईक गेलं!

म्हणून हे चार प्रश्न विचाराच:

१. सर्व्हर बंद पडला तर ऑर्डर राहतील का? क्यू 'ड्युरेबल' आणि मेसेज 'पर्सिस्टंट', दोन्ही हवं. नुसती क्यू ड्युरेबल केली तर डबा राहतो, आतला माल जातो.

२. पोच कधी देता? काम पूर्ण झाल्यावरच द्यायची. ऑटोमॅटिक पोचेने वेग वाढतो, पण बिलिंग मध्येच बंद पडलं की ऑर्डर गायब.

३. तीच ऑर्डर दोनदा आली तर? पोच न देताच कनेक्शन तुटलं, तर ब्रोकर मेसेज पुन्हा पाठवतो. ऑर्डर नंबर तपासा, नाहीतर दोन पार्सलं जातील.

४. कुलूप लावलंय का? सुरुवातीला युजरनेम 'गेस्ट', पासवर्डही 'गेस्ट'. ते त्याच मशीनवरून चालतं. सोयीसाठी ही अट काढली तर दुकानाला किल्ली लावून ठेवल्यासारखंच. पासवर्ड बदला, टीएलएस सुरू करा.

यात वेग थोडा कमी होईल. होऊ द्या. टेस्टिंगला ब्रोकर मुद्दाम बंद-चालू करायला लावा. ऑर्डर परत दिसल्या, तरच शेवटचं पेमेंट!