दुसरी सही कोणाची?

पिंपरी-चिंचवडचा माणूस कामासाठी परदेशी जातो, यात आता नवल राहिलेले नाही. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही त्याच वर्षी पिंपरीतून तिकडे गेली. जर्मनीतले प्रशिक्षण हा निगडी-प्राधिकरणातल्या घरांतून नेहमीच्या बोलण्याचा विषय झाला. मात्र या साऱ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जाणारा पुरुष आहे आणि मुलांकडे बघायला बायको आहे. एकटीने मुलगा वाढवणारी माझ्यासारखी अभियंता या हिशेबात बसत नाही.

वास्तविक कायदा पुष्कळ पुढे आला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात मुलाचे पालक आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. मुलाच्या नावे रोखे घेताना आईची सही चालेना, तेव्हा लेखिका गीता हरिहरन न्यायालयात गेल्या. ‘नंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, वडिलांच्या अनुपस्थितीतही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टच्या अर्जातही आई-वडिलांपैकी एकाचे नाव पुरेसे ठरले.

मग घोडे अडते कुठे? व्हिसापाशी. मुलाला दीर्घकाळ न्यायचे, तर एकटीकडे ताब्याचा पूर्ण हक्क हवा, नाहीतर दुसऱ्या पालकाची संमती. ही अट मी जाचक म्हणणार नाही. मुलांना परस्पर परदेशी नेण्याविरुद्ध १९८० चा हेग करार आहे. भारत त्यात सामील नाही. अशा वेळी मागे राहिलेल्या बापाला किंवा आईला त्या सहीचाच आधार असतो. पण वेगळे राहणाऱ्या नवऱ्याच्या हाती तीच सही सौद्याचे हत्यार होते. माझ्या अर्जाची तारीख तीनदा पुढे गेली. नेमणूक दुसऱ्याला मिळाली.

सही मिळाली तरी प्रश्न उरतोच. नातवाला सांभाळायला आजी सोबत यावी, तर साध्या शेंगेन व्हिसावर तिला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. जर्मनीत २०१३ पासून वर्षाच्या मुलालाही पाळणाघरात जागेचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागा शोधावी लागते. कंपनीच्या नियमात मात्र ‘कुटुंब’ म्हणजे जोडीदार आणि मुले. जोडीदाराच्या विमानभाड्याची तरतूद असते, पाळणाघराच्या शुल्काची नसते.

मागणी फार मोठी नाही. परदेशवास्तव्याच्या अर्जावर दोन्ही बाजू ऐकून न्यायालयाने ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा. सुट्टीत मूल वडिलांकडे आणण्याची हमी आईकडून जरूर घ्यावी. कंपन्यांनी नेमणुकीची सूचना सहा महिने आधी द्यावी आणि जोडीदाराचा खर्च मुलाच्या सांभाळाकडे वळवू द्यावा. निकाल ‘नाही’ असा लागला, तर आई तो सोसेल. निकालच न लागणे हा मात्र न बोलता दिलेला नकार आहे, आणि त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.