आरसी बुकातला अवघड शब्द : हायपोथिकेशन



नवा ट्रॅक्टर दारात आला की आपण नारळ फोडतो, घरची लक्ष्मी हळदकुंकू वाहते, पेढे वाटले जातात आणि आरसी बुक पत्र्याच्या पेटीत तळाला जाऊन बसते. आज ते जरा बाहेर काढा. बुक असो की हल्लीचे कार्ड असो, ट्रॅक्टर कर्जाने घेतला असेल तर मालकाबरोबर त्यावर बँकेचेही नाव असते आणि त्याच्या जोडीला एक लांबलचक इंग्रजी शब्द असतो : हायपोथिकेशन. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला अर्थ विचारा, तोही अडखळेल. त्यात त्याचा दोष नाही. रोजच्या बोलण्यात इंग्रजही हा शब्द फारसा वापरत नाहीत.

शब्द मूळचा ग्रीक. त्या भाषेत 'हुपो' म्हणजे खाली, आणि पुढचा भाग 'ठेवणे' या अर्थाचा. कर्जाला आधार म्हणून खाली ठेवलेली वस्तू ती 'हुपोथेके'. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात गृहीतकाला 'हायपोथिसिस' म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ. विचाराच्या खाली पाया म्हणून ठेवलेले, ते गृहीतक.

ग्रीस देशात अथेन्सच्या आसपास ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातले कोरीव दगड सापडले आहेत. जमीन तारण दिली की असा दगड त्या जमिनीत रोवायचा. कर्ज किती आणि कोणाचे, हे त्यावर कोरलेले असे. कसणारा मात्र मूळचा शेतकरीच. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या सदरात बँकेचा बोजा चढतो ना? तसाच तो दगडाचा सातबारा म्हणायचा!

पुढे हा शब्द रोमन लोकांनी उचलला. तिथे खंडाने शेत करणारे कूळ खंडाची हमी म्हणून आपली अवजारे नि गुरे मालकाला तारण लिहून देई. पण मालकाने बैल आणि नांगर उचलून नेले, तर कुळाने शेत कसायचे कशाने? आणि शेत पिकले नाही तर खंड तरी कुठून यायचा? म्हणून वस्तू कुळाजवळच राही, मालकाचा फक्त तिच्यावर हक्क राही. या शब्दाचे सारे मर्म एवढ्यातच आहे. लॅटिनमधून तो सतराव्या शतकात इंग्रजीत आला.

याला आपल्या मराठीत फार सुरेख शब्द आहे : नजरगहाण. धनकोची वस्तूवर नुसती नजर, ताबा ऋणकोकडे. सहकारी बँकांच्या कागदांत हा शब्द तुम्हाला आजही भेटेल.

आता फरक ध्यानात घ्या. सोने ठेवून कर्ज काढता तेव्हा दागिना बँकेच्या तिजोरीत जातो, ते तारण. जमीन किंवा घर लिहून देता, ते गहाणखत. आणि ट्रॅक्टर, दुभती म्हैस, उभे पीक अशी जंगम वस्तू आपल्याजवळच ठेवून तिच्यावर बँकेला हक्क देता, ते नजरगहाण, म्हणजे हायपोथिकेशन. 2002 सालच्या कर्जवसुलीच्या केंद्रीय कायद्यातही त्याची व्याख्या अशीच आहे : ताबा न देता जंगम मालमत्तेवर निर्माण केलेला बोजा.

इंग्रजीत याचा आणखी एक अर्थ आहे. एखाद्या कराचा पैसा एकाच कामासाठी बांधून ठेवला, तर त्या करालाही हेच विशेषण लावतात. रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कर बसवला, तो या जातीचा कर.

शब्दाची कुळकथा झाली. आता हा शब्द पेटीत विसरला तर काय होते ते ऐका. आमच्या भागातल्या एका भावाने ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता फेडला, पावती खिशात घातली आणि तो निर्धास्त झाला. चार वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी ट्रॅक्टर विकायला काढला. गिऱ्हाईक आले, भाव ठरला, पण आरसी बुकावर बँकेचे नाव तसेच! गिऱ्हाईक परत गेले. जुना दाखला मिळवण्यात दोन महिने हेलपाटे झाले आणि लग्नाचा खर्च हातउसन्या पैशांवर भागवावा लागला. कर्ज फिटले होते, शब्द मात्र फिटला नव्हता.

म्हणून एवढे करा. शेवटचा हप्ता भरला की बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म नंबर 35 मागून घ्या. या फॉर्मच्या दोन प्रती लागतात आणि त्यावर तुमची व बँकेची, दोघांच्या सह्या लागतात. आरटीओकडे अर्ज करून नोंद उतरवून घ्या. विम्याच्या कागदावर बँकेचे नाव असेल तर तेही काढायला सांगा. पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर असेल तर बँकेचा दाखला तलाठ्याकडे द्या आणि नवा उतारा हातात पडल्याशिवाय स्वस्थ बसू नका. कर्ज चालू असताना मात्र बँकेच्या परवानगीशिवाय अशी वस्तू विकू नका. तसे करणे अंगाशी येते.

आणि भगिनींनो, हे कागद कुठे आहेत, कोणावर कोणाची नोंद आहे, हे तुम्हालाही ठाऊक असले पाहिजे. घरधनी अचानक गेला तर हीच पेटी तुम्हाला एकटीने उघडावी लागते.

तेव्हा आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून ती पेटी उघडा. तो लांबलचक शब्द मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि अर्थ या वेळी तुम्ही त्यांना सांगा.