कोळशावरील अधिभाराचे द्रव्य

कन्हान परिसरात शेताखाली कोळसा आहे, आणि तो जाळणारी कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रेही जवळच आहेत. एक टन कोळसा जळला म्हणजे सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. अशा वायूनेच जगाचे तापमान वाढत आहे व पावसाचा नेम बिघडत आहे.

यावर एक उपाय शासनाने योजिला होता. सन २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये अधिभार बसविण्यात आला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. हे द्रव्य स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी होते. परंतु २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येताच ते राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अधिभारच उठला. त्याऐवजी कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला खरा. पण तो किमतीवर आहे, धुरावर नव्हे. हलका, राखेचा कोळसा त्यात स्वस्तात सुटतो.

अधिभाराने वीज महागते, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच ते द्रव्य शिवारात परतले पाहिजे. सौर कृषिपंपासाठी शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के भरावे लागतात. लहान खातेदारास तेवढेही जड जाते. (कोळशाचे ओझे मात्र त्याच्याच रस्त्यावरून जाते!) हा हिस्सा अशा निधीतून भरावा, असा ठराव कन्हानकाठच्या ग्रामसभांनी करावा व ग्रामकार्यकर्त्यांनी तो पंचायत समितीपर्यंत पोहोचवावा.