धुराचा बर्फ पोरांच्या हाती लागू देऊ नका

साक्रीकरांनो आणि पंचक्रोशीतल्या गावकऱ्यांनो,

हल्ली नवरा-नवरी स्टेजकडे येतात ती पांढऱ्या ढगातून. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात तो ढग विरल्यावर मागे गेलो, तर पाच-सहा वर्षांचं पोरगं थर्माकोलच्या खोक्यातला वाफाळता तुकडा रुमालात धरून उभं. "गोळाना बरफ शे, काका." तोंडाशी नेणार तेवढ्यात मी चापट मारून तो पाडला. रुमाल असूनही पोराची दोन बोटं पांढरी पडली होती.

तो ढग ज्यापासून करतात तो हा बर्फ पाण्याचा नव्हेच. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच कार्बन डायऑक्साइड वायू, गोठवून घट्ट केलेला. आपला बर्फ शून्य अंशाला वितळतो. हा उणे ७८ अंशांवर असतो आणि वितळत नाहीच. कापरासारखा उडून जातो, खाली थेंबही उरत नाही. म्हणून तो 'ड्राय आइस'. पाण्यात आपला बर्फ तरंगतो, हा बुडतो.

मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत तो मुखशुद्धी म्हणून पुढे आला आणि खाणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. त्यानंतर दोनेक महिन्यांतच छत्तीसगडात राजनांदगाव जिल्ह्यातल्या एका लग्नात लहान मुलानं साधा बर्फ समजून तो खाल्ला. पोर वाचलं नाही.

दुसरा धोका दिसत नाही. एका किलोतून पाचशे लिटरहून जास्त वायू सुटतो. तो हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो. आणि आपल्याकडे तान्ही लेकरं स्टेजशेजारीच सतरंजीवर निजवतात! बंद हॉलमध्ये दारं-खिडक्या उघड्या ठेवा, लेकरं लांब निजवा. उरलेले तुकडे काचा बंद केलेल्या गाडीतून नेऊ नका. बाटलीत भरून, गंमत म्हणून का असेना, बूच लावलं तर बाटली फुटते.

मंडप-डेकोरेशनवाल्या भावांनो, खोकं उघडं टाकून जेवायला जाऊ नका. केटररनी तो ताटात, सरबतात देऊ नये. कुणी गिळलाच तर उलटी करवू नका, लगेच १०८ ला फोन लावा. कातडी गोठली तर चोळू नका, कोमट पाण्यात धरा आणि दवाखाना गाठा.

हळदीला कोण, पंगतीला कोण, ही कामं आपण आधीच वाटून देतो. त्यातच या बर्फाच्या खोक्याजवळही एक जाणता माणूस नेमा. शेवटचा तुकडा उडून जाईपर्यंत त्यानं तिथून हलू नये.

– साक्रीतील एक विज्ञान शिक्षक