चाल हाताने लिहावी, बेरीज यंत्राने करावी

हे युग यंत्राचे आहे, हे वाक्य वक्तृत्व स्पर्धांतून आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याकडे आता कोणी लक्षही देत नाही. परंतु यंत्राने नेमके काय करावे आणि माणसाने काय करावे, हा खरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यासाठी बुद्धिबळाच्या पटाइतकी सोयीची जागा दुसरी नाही असे मला वाटते.

जिमखान्याच्या स्पर्धांच्या वेळी आजकाल एक सूर हमखास निघतो. मोबाईलवर खेळताना चाली आपोआप नोंदल्या जातात, मग पटावर बसल्यावर कागद कशाला खरडायचा? लिहिण्यात वेळ जातो, लक्ष विचलित होते, आणि अक्षर तरी कोण वाचणार? वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड वाटते. तरीही ते मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी नियम काय आहे ते पाहू. जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमानुसार प्रदीर्घ डावात प्रत्येक खेळाडूने स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या चाली एकामागून एक, वाचता येतील अशा लिहिल्या पाहिजेत. चाल खेळण्याआधीच लिहून ठेवणे निषिद्ध आहे. बरोबरीचा दावा करताना तेवढी मुभा असते. चालीगणिक किमान तीस सेकंदांची भर मिळत नसेल आणि घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असेल, तर लेखनातून सूट मिळते. दृष्टिहीन खेळाडू ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रण करूनही नोंद ठेवू शकतो. म्हणजे नियम आंधळा नाही. अडचण ओळखून तो वाकतो. परंतु केवळ कंटाळा आला म्हणून तो वाकत नाही.

मोठ्या स्पर्धांत आज इलेक्ट्रॉनिक पट असतात. सोंगटी हलली की चाल पडद्यावर उमटते आणि जगभर दिसते. तरीही त्या पटाशी बसलेले नामांकित खेळाडू हातात पेन घेऊन चाल लिहीतच असतात. असे का? एक कारण पुराव्याचे. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा प्यादे न हलता आणि मारामारी न होता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या, तर बरोबरीचा दावा खेळाडूने स्वतः करायचा असतो. ज्याच्याजवळ टिपण नाही, त्याने दावा कशाच्या जोरावर करावा? गंमत अशी की पाच वेळा तीच स्थिती आली किंवा पंच्याहत्तर चाली झाल्या तर डाव आपोआप बरोबरीत सुटतो, असा नियम २०१४ पासून लागू झाला. जागरूक खेळाडूला आधी हक्क दिला, आणि दोघेही झोपी गेले तर नियमाने हात पुढे केला. माणूस आणि यंत्रणा यांची याहून समंजस वाटणी कोणती?

दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. लिहिण्याची ती चार-पाच सेकंदे म्हणजे सक्तीचा विसावा असतो. प्रतिस्पर्ध्याची चाल लिहिताना ती आपण दुसऱ्यांदा पाहतो. मोबाईल चुकीची चाल खेळूच देत नाही. त्यामुळे राजाला शह आहे हे पाहण्याची जबाबदारीही आपण त्याच्यावर टाकून मोकळे होतो. पटावर मात्र नियमबाह्य चाल झाली की प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे बक्षीस मिळतात, आणि तेच पुन्हा घडले तर सामान्यतः डावच जातो. सावधपणा ही सवय आहे, आणि ती दुसऱ्याकडून उसनी आणता येत नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला तर या नोंदीचे अगत्य अधिक वाटायला हवे. नवव्या शतकातील रुद्रटाने आपल्या ‘काव्यालंकार’ ग्रंथात घोड्याची चाल श्लोकात बांधली. अर्ध्या पटाची बत्तीस घरे, बत्तीस अक्षरे. सरळ वाचा किंवा घोड्याच्या उड्या घेत वाचा, श्लोक तोच. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील लेखन १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापले गेले. कोणीतरी टिपून ठेवले म्हणूनच हे आपल्यापर्यंत पोहोचले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी सत्तरच्या दशकात राष्ट्रीय महिला स्पर्धा गाजवल्या आणि रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. तेव्हा संगणक कुठे होता? होती ती वही आणि लाकडी सोंगट्या.

म्हणून संगणकाला नावे ठेवावीत असे मी म्हणत नाही. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हापासून यंत्राच्या बळाविषयी वाद उरलेला नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातूमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, ती संगणकाच्या काळातच वाढलेली. प्रश्न यंत्र हवे की नको हा नसून ते केव्हा आणि कशासाठी, हा आहे.

स्पर्धेचेच उदाहरण घ्या. चाळीस खेळाडू असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर ७८० डाव होतात. स्विस पद्धतीने सहा फेऱ्यांत १२० डावांत काम भागते. परंतु समान गुणांचे खेळाडू शोधा, तीच जोडी पुन्हा नको, पांढऱ्या-काळ्या सोंगट्यांचा समतोल हवा, शेवटी बरोबरीतल्यांचा क्रम लावण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज करा. हे हाताने करताना पंच मेटाकुटीला येतो आणि एका बेरजेवरून भांडणे जुंपतात. हे काम खुशाल संगणकाला द्यावे. त्यात शिकण्यासारखे फार थोडे आणि चुकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र त्याला दिलेला निकाल दोघांच्या सह्यांच्या कागदावरूनच जावा.

डाव संपल्यानंतरचेही तसेच. घरी गेल्यावर टिपण काढावे, डाव पुन्हा मांडावा, आपण कोठे घसरलो ते आधी स्वतः शोधावे आणि मग यंत्राला विचारावे. आधीच यंत्राला विचारले तर उत्तर मिळते, पण प्रश्न आपला राहत नाही.

आपल्या राहात्याच्या पेरूबागांतला शेतकरी पाहा. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, पट्टी छापील आली. तरी किती क्रेट गेले, वजन किती भरले, भाव काय लागला हे तो आपल्या वहीत टिपतोच. काट्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर आपला माल आपल्याला ठाऊक असावा म्हणून. डाव हाही आपलाच माल आहे.

तेव्हा जिमखान्याच्या चालकांना एवढीच विनंती आहे. जलद डावांत लिहिण्याची सक्ती नसावी. प्रदीर्घ डावांत ती अवश्य असावी. स्पर्धेआधी नवोदितांना एक तास नोंद शिकवावी, कारण घरांची नावे कळली की निम्मी भीती जाते. जोड्या आणि गुणतक्ता संगणकाने लावावा आणि तो भिंतीवर सर्वांना दिसावा. प्रत्येक स्पर्धेतील चार चांगले डाव या वार्षिकांकात छापावेत. इलेक्ट्रॉनिक पट सर्वांना परवडणार नाही, पण शंभरपानी वही खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलीलाही परवडते; आणि तिच्या त्या वहीत, वीज असो वा नसो, तिचा प्रत्येक डाव तिच्याच अक्षरात शिल्लक राहतो.