एक रुपया सहा पैशांचा जलमार्ग

रस्ता अडीच रुपये, रेल्वे १ रुपया ३६ पैसे, जलमार्ग १ रुपया ६ पैसे. एक टन माल एक किलोमीटर न्यायचा हा खर्च. सरकारी पत्रकांतून, भाषणांतून आणि तिथून थेट आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर हे तीन आकडे वर्षानुवर्षे फिरताहेत. मग ग्रुपवर कुणीतरी हमखास विचारतंच, "एवढ्या नद्या असताना आपण रेल्वेवर कशाला पैसे घालतो?"

मंडळी, जरा नकाशा उघडा.

हल्दिया ते वाराणसी हा राष्ट्रीय जलमार्ग १ चा मुख्य पट्टा. पाण्यातून हे अंतर सुमारे १,३९० किमी भरतं. नदीच ती, फराक्का, साहिबगंज, भागलपूर, पाटणा करत वळणं घेत जाणार. रेल्वेने हेच अंतर फार तर ८०० किमी. आता सरकारच्याच दरांनी गुणाकार करा. जलमार्ग: टनाला सुमारे १,४७३ रुपये. रेल्वे: १,०८८ रुपये. म्हणजे 'स्वस्त' मार्ग टनामागे ३८५ रुपयांनी महाग!

कोडच्या दर ओळीला कमी पैसे घेतो म्हणून एखादा प्रोग्रामर ठेवायचा आणि तो दुप्पट ओळी खरडतो त्याकडे बघायचंच नाही, त्यातला हा प्रकार.

बरं, ते दर तरी एका मापाचे आहेत का? रेल्वेच्या मालभाड्यात रुळांची देखभाल आहे, शिवाय तुमच्या-माझ्या स्वस्त तिकिटाचा तोटाही मालगाडीच भरून काढते. बार्जवाल्याला यातलं काहीच नाही. गंगा दर पावसाळ्यात गाळ आणून टाकते, आणि बाढपर्यंत ३ मीटर, वाराणसीजवळ २.२ मीटर खोली राखायला तो उपसायचा खर्च सरकारचा. जलमार्ग वापरायचं जे किरकोळ शुल्क होतं, तेही ऑगस्ट २०२० मध्ये तीन वर्षांसाठी माफ केलं. डिसेंबर २०२४ मध्ये 'जलवाहक' योजना आली: ३०० किमीपेक्षा लांब माल नेलात तर चालवण्याच्या खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत परत. जो मार्ग मुळातच सर्वांत स्वस्त आहे, त्याच्यावर माल यावा म्हणून एवढी सूट का द्यावी लागते हो?

नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्याहून पहिलं कंटेनर जहाज वाराणसीला पोचलं. केवढा गाजावाजा! त्यावर कंटेनर होते १६. एका साध्या कंटेनर गाडीवर २० फुटी ९० कंटेनर जातात. आणि वाराणसीपासून हाकेच्या अंतरावर, मुघलसरायवरून (आता दीनदयाळ उपाध्याय नगर), लुधियाना ते सोननगर हा फक्त मालगाड्यांचा १,३३७ किमीचा मार्ग २०२३ मध्ये पूर्ण झाला. गंमत म्हणजे जागतिक बँकेने कर्ज दोन्हींना दिलंय. बँकेचं काय जातंय म्हणा.

आता कुणीतरी ऱ्हाईनचं उदाहरण देणार. तिथे कारखानेच काठावर आहेत आणि तोंडाशी रॉटरडॅमसारखं बंदर आहे. तरीसुद्धा २०१८ च्या दुष्काळात पाणी उतरलं तेव्हा बार्ज अर्धवट भरून चालवाव्या लागल्या.

नदी वाईट असं माझं म्हणणं नाही. गोव्यात बघा. खाणी नदीपासून जवळ, माल म्हणजे कच्चं लोखंड, त्याला घाई नाही, आणि मांडवी-जुवारी थेट मुरगावशी नेऊन सोडतात. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी मांडवी बंद झाली की कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तशा बार्जही थांबल्या, कारण त्या त्या मालासाठीच होत्या. फराक्क्याच्या वीजकेंद्राला २०१३ पासून आयात कोळसा बार्जने गेला, तेही याच कारणाने: समुद्रात जहाजातून बार्जमध्ये, आणि वीजकेंद्र काठावरच.

पण २०१६ च्या कायद्याने एका फटक्यात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले. त्यातल्या किती नद्यांच्या एका टोकाला खाण आणि दुसऱ्या टोकाला बंदर आहे? बाकीच्या ठिकाणी गोदाम ते धक्का ट्रक, धक्का ते गोदाम पुन्हा ट्रक, आणि मध्ये दोनदा हमाली. १ रुपया ६ पैशांत यातलं काहीही धरलेलं नाही. पुढच्या पत्रकात टन-किलोमीटर राहू द्या, हल्दियाच्या गोदामातून वाराणसीच्या गोदामात एक टन सिमेंट न्यायला एकूण किती पडतात, गाळासकट, तेवढं छापा.