देहाचा मद आणि देहाची घृणा

समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सम्यग्दर्शनाला मलिन करणारे आठ मद सांगितले आहेत : ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर. यांतला शेवटचा मद ओळखणे सोपे वाटते. आरशासमोर घुटमळणारा माणूस सर्वांनाच दिसतो. पण जो आरशासमोर उभे राहणेच टाळतो, त्याच्या मनातील दुःखाची विचारपूस घरात सहसा होत नाही.

सनत्कुमार चक्रवर्तींच्या रूपाची कीर्ती स्वर्गापर्यंत पोहोचली होती. ते पाहण्यास आलेल्या देवांनी त्यांना प्रथम अलंकारांविना पाहिले आणि नंतर राजसभेत नटून बसलेले पाहिले. पहिल्या वेळचे रूप आता उरले नाही, असे देव म्हणाले. सभेला फरक दिसेना. तेव्हा देवांनी पाण्याने भरलेले पात्र मागवून त्यातला एक थेंब काढला. पात्र कोणालाही उणे भासले नाही, पण पाणी कमी झालेच होते. चक्रवर्तींना वैराग्य झाले. पुढे मुनी अवस्थेत देह रोगांनी ग्रासला, तरी त्यांची समता ढळली नाही. रूपाला ‘मी’ मानणे त्यांनी आधीच सोडले होते.

ही कथा रूपवानांना सावध करते. पण ज्यांना लहानपणापासून ‘काळी’, ‘जाडी’, ‘बुटका’ हीच विशेषणे ऐकावी लागली, त्यांचे काय? विवाहाच्या परिचयपत्रात ‘गोरी, सडपातळ’ असे लिहिणारे आणि लग्नघरात भाचीच्या वजनावर विनोद करणारे बहुधा तिचे हितचिंतकच असतात. ऐकणारी मात्र त्या शब्दांनाच आपली ओळख समजू लागते. सुंदर देहाला ‘मी’ मानणे हा मद. नावडत्या देहाला ‘मी’ मानून खचणे ही त्याच मिथ्या समजुतीची दुसरी बाजू.

कर्मसिद्धांताचे उत्तर येथे फार दिलासा देणारे आहे. समचतुरस्र, न्यग्रोधपरिमंडल, स्वाती, कुब्जक, वामन आणि हुंडक ही शरीराची सहा संस्थाने नामकर्माच्या उदयाने मिळतात. वर्णही नामकर्माचेच फळ आहे. नामकर्म अघाती आहे. ते देहाला आकार देते, आत्म्याच्या ज्ञान-दर्शनाचा घात करीत नाही. ‘हे तुझेच पूर्वकर्म’ असे म्हणून कोणाला हिणवण्यासाठी हा सिद्धांत नाही.

अशुचि-अनुप्रेक्षेचाही असाच विपरीत अर्थ घेतला जातो. देह अशुची आहे हे चिंतन आसक्ती सैल व्हावी म्हणून आहे, आणि ते गोऱ्या-काळ्या सर्व देहांना सारखेच लागू आहे. म्हणून सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सेलाही स्थान आहे. उद्दायन राजाच्या दारी एक देव कुष्ठरोगी मुनीचे रूप घेऊन आला. आहार घेऊन त्याने वमन केले. राजा व राणी प्रभावती यांनी किळस न करता त्याची सेवा केली. उलट आपल्या आहारदानातच काही दोष राहिला असेल, असे राजाला वाटले. दुसऱ्याच्या रोगी देहाविषयी जी घृणा वर्ज्य आहे, ती स्वतःच्या निरोगी देहाविषयी का बाळगावी?

दशलक्षण पर्वात याची खरी परीक्षा होते. एखादी तरुणी उपवास करते, तेव्हा घरात तिचे कौतुक होते. तो उपवास संयमासाठी आहे की वजनाच्या काट्यासाठी, हे कोणी पाहत नाही. पूज्यपादाचार्यांनी ‘सर्वार्थसिद्धी’त अनशन तप लौकिक फळाची अपेक्षा न ठेवता करावे, असे स्पष्ट केले आहे. आकृतीच्या लाजेने केलेले लंघन बाहेरून तपासारखे दिसले, तरी त्यात राग सुटलेला नसतो. पर्व संपल्यावरही मुलगी जेवण टाळत असेल, जेवल्यावर अपराधी होत असेल किंवा तिला वारंवार भोवळ येत असेल, तर अनुमोदना थांबवून तिच्याशी बोलावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

स्वाध्याय, सेवा आणि संयम याच देहाकडून घडायचे आहेत. पारण्याच्या दिवशी तिला ‘बारीक झालीस हो!’ म्हणण्यापेक्षा ‘मन शांत राहिले ना?’ असे विचारावे. त्या एका प्रश्नाने तिचे लक्ष देहावरून आत्म्याकडे वळेल, आणि विचारणाऱ्याचेही.